आडनाव : सोनू

परकीय नागरिक नोंदणी कार्यालयात
माझा नंबर एकशे सत्तेचाळीस.
बाई फॉर्म जवळ धरून बघतात, लांब धरून बघतात.
"लक्षणा ठीक. सोनू हे घरचं नाव झालं.
आडनाव सांग."
हेच आडनाव, मी म्हणते.
आम्ही सगळेच सोनू.
बाबा शाळेत सोनू मास्तर,
काका साखर कारखान्यातले सोनू फोरमन,
आजी गेली तेव्हा पेपरात, काळ्या चौकटीत, मादाम सोनू.

रत्नागिरीकडचा कुणी पोरगा
याच बंदरातून मॉरिशसला गेला.
नाव काय विचारल्यावर
आई हाक मारायची तेच त्यानं सांगितलं,
लिहिणाऱ्यानं लिहिलं.

बाईंनी पेन दातात धरलं.
"आणि मराठी कुठे शिकलीस?"
घरी.
"मग परकीय कशी गं?"
विचारलं आणि लगेच शिक्का मारला.
उत्तराला जागा नव्हती फॉर्मवर.

कलिन्याला चौथ्या मजल्यावर एका खोलीत तिघी आम्ही.
गुलनोरा दुशान्बेची, फार्मसीला.
चिसोमो मलावीची. हॉस्टेल मिळायच्या आधी
वाकोल्यात खोली शोधायची.
फोनवर "या ना, बघून घ्या",
दारात "आत्ताच गेली हो".
अकरा दारं.
हा आकडा ती बसच्या नंबरासारखा सांगते.

मी दुकानात मराठीत विचारते,
दुकानदार हिंदीत सांगतो.
मी परत मराठीत, तो इंग्रजीत.
शेवटी चिसोमो पुढे होते : "किती झाले, दादा?"
आणि त्याला एकदम मराठी आठवतं.
सुट्टे पण देतो.

दिवाळीच्या सुट्टीत गुलनोरा हंपीला गेली,
तिथून गोकर्णला,
तिथून "पैसे पाठव" असा मेसेज, सोबत समुद्राचे नऊ फोटो.
मी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेले,
जेटीवर भजी खाल्ली,
समोर एसटी उभी होती,
आणि मी त्याच लाँचनं परत आले.

गावाला का जात नाहीस, बाबा फोनवर विचारतात.
दीड तास मागे आहेत ते, आमच्याहून.
कसं सांगू, जुन्या रजिस्टरात गावाची अक्षरं तीन,
मधलं शाईत बुडालेलं.
नकाशा घेऊन बसले एकदा :
पहिल्या आणि शेवटच्या अक्षरात मावतील अशी
चौदा गावं निघाली.
एकाही गावात मला कुणी ओळखलं नाही
तर चालेल.
पण सगळ्याच चौदा गावांनी ओळखलं तर?

गच्चीवर कपडे वाळत घालताना
मी आमच्याकडची झाकडी गुणगुणत होते.
पाण्याची टाकी बघायला आलेला वॉचमन, शिगवण,
नुसता उभा राहिला.
"चुकतेस तू," म्हणाला. "तिसरा शब्द तसा नाही."
आमच्याकडे असाच म्हणतात.
"तुमच्याकडे म्हणजे?"
कास्काव्हेलला.
"कुठला तालुका?"
मी चिमटे मोजले. लांब आहे, म्हटलं.
"संगमेश्वरच्या पुढे?"
हो. थोडं पुढे.

त्यानं मान हलवली, पटल्यासारखी.
मग आपला शब्द लावून एकदा म्हणून दाखवलं,
पाय किंचित हलले त्याचे, रबरी बुटांत.
अर्थ मला त्याच्याही शब्दाचा कळला नाही,
माझ्याही नाही.
अजून मी माझाच म्हणते.

आता घरून पार्सल आलं,
(व्हॅनिलाचा चहा, बाबांच्या अक्षरात पत्ता, पिनकोड चुकीचा)
की तो गेटवरून वर तोंड करून ओरडतो.
त्याच्या वहीत तेवढंच लिहिलंय.
"सोनू! ए सोनू!"
वाकून बघते चिसोमो, हसते.
लिफ्ट बंद असते बहुतेक.
चार मजले मी धावत उतरते.